उसनं विरजण

दाढ दुखली, एवढंच निमित्त.
सात दिवसांच्या गोळ्या.
आठव्या दिवशी दाढ गप्प
आणि पोट बोलायला लागलं.

डंडीतलं टेकडीवरचं हॉस्पिटल, एकटीची खोली.
दाराबाहेर पिवळा कागद:
आत येताना गाऊन, हातमोजे.
जाताना साबण लावूनच हात धुवा, जेल चालणार नाही.
मला हसू आलं.
आई, तू जन्मभर पाळलंस ते सोवळं
इथे छापून भिंतीला लावलंय.
फक्त या वेळी विटाळ मीच.

तीनदा बरी होऊन घरी गेले, तीनदा परत आले.
डॉक्टर फ्रेझर खुर्ची ओढून बसला.
तो आकडे सांगत होता, कोटींच्या पुढचे.
मला दिसत होतं एक उठलेलं गाव.
एका चोरासाठी गोळ्यांनी
अख्खी आळी रिकामी केलेली:
भाजीचा धागा धागा उसवणारे,
त्यातून आतड्याच्या अस्तराला चारा घालणारे,
काही जीवनसत्त्वं मुकाट्याने रांधणारे,
आणि नुसतं ओट्यावर बसून राहणारे,
ज्यांच्या बसण्यानेच परका आत शिरत नव्हता.
बासष्ट वर्षं माझ्यात राहिले.
एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

उपाय सांगताना तो जरा लाजला.
दुसऱ्या कुणाचं तरी. तपासलेलं, गाळलेलं, गोठवलेलं.
अर्धी वाटी. नळीतून.
"दुसऱ्याचं काय?" मी विचारलं, कळलं होतं तरी.
त्याने एक लांबलचक, इस्त्री केलेला शब्द वापरला.
मराठीत तो एका अक्षरात मावतो.

आणि मी कोण?
दुधाची बाटली धुऊन फ्रिजमध्ये ठेवणारी.
नवऱ्याच्या चमच्याने स्वतःचा चहा न ढवळणारी.

रात्री झोप नाही. खाली टे नदी, पुलावर दिवे.
मिरज आठवली.
आमचं विरजण बिघडलं की आई मला
मागच्या दाराने हुस्नाबींकडे पाठवायची.
वाटी घरी आली की दही दुधात,
वाटी तीनदा विसळायची, चौथ्यांदा राखेने घासायची.
दही कसं विसळणार?
ते रात्रभर आमच्या दुधात काम करायचं,
सकाळी नैवेद्याला बसायचं.
आईला हे कळत होतं.
मला आता वाटतं, नक्की कळत होतं.

सही केली.

चौथ्या दिवशी भूक लागली.
पोटातून आवाज,
नव्या बिऱ्हाडाने भांडी लावावीत तसा.
मोराग नर्सने ओटची पेज आणली.
"मीठ घालून खा, साखर नको," म्हणाली,
"आमच्यात असंच खातात."
आमच्यात!
मी निमूट मीठ घातलं.

देणाऱ्याबद्दल कागदावर तीन शब्द: निरोगी प्रौढ व्यक्ती.
आता पर्थ रोडच्या बसमध्ये मी माणसं न्याहाळते.
तो ओल्या केसांचा वल्हेवाला पोरगा?
शाळेपाशी गाड्या अडवणारी बाई?
खिशातून कच्चं गाजर काढून
खिडकीबाहेर बघत चावणारा म्हातारा?
कुणाचं तरी गाव माझ्यात वसलंय
आणि त्या माणसाला पत्ता नाही.

उसनं विरजण परत करायचं असतं.
हुस्नाबींची वाटी आईने कधी रिकामी पाठवली नाही,
गुळाचा खडा, मूठभर शेंगा, काहीतरी.
इथे कुणाचं दार वाजवू?

म्हणून रोज भाकरी थापते.
ज्वारीचं पीठ लेस्टरहून येतं, फार जुनं नसलं तर भाकरी फुगते.
सोबत कोबी, मुगाची उसळ, सालीसकट.
वडील जेवणाआधी चित्राहुती घालायचे
ताटाबाहेर, ओळीने, चार शितं.
मी आत घालते.
पहिला घास गिळून जरा थांबते, विचारते:
तिखट झेपतंय का रे तुम्हाला?

आत काहीतरी गुडगुडतं.
कोणत्या भाषेत, ते अजून कळलेलं नाही.